चित्राचे गोत्र

आमच्याकडे चित्रप्रदर्शनांची परीक्षणे लिहिण्याची एक ठरीव पद्धत पडून गेली आहे. परीक्षक दालनात शिरतो, भिंतीवरून एकवार नजर फिरवितो आणि लागलीच चित्राचे गोत्र विचारू लागतो. आकृतीचा डोळा मोठा व तिरपा असला की पिकासो. कडेने जाड काळी रेघ असली की रुओ. अंगकांती तांबूस, मातकट असली की गोगँ. एवढे सांगून झाले की परीक्षण आटोपते. ह्याच्या शेजारी दुसरा एक परीक्षक उभा असतो. त्यास परदेशी नावांचा तिटकारा आहे, म्हणून तो चित्रकाराचे गाव विचारतो. गाव डोंगराळ निघाले तर त्यास रंगांत सह्याद्री दिसतो. नदीकाठचे निघाले तर रेषेत ओघ दिसतो. आणि काहीच न निघाले तर 'मातीचा गंध' हा शब्दप्रयोग केव्हाही हाताशी असतोच. पहिल्याची वंशावळ पॅरिसला जाऊन पोचते, दुसऱ्याची शिवारात. परंतु दोघांचाही व्यवसाय एकच आहे. दोघे पत्रिका जुळवितात. समोरचे माणूस कोणीच पाहत नाही.

ह्या पद्धतीविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते, कारण तिने होणारे नुकसान चित्रकारापेक्षा आमच्या वाचकाचे अधिक आहे. मराठी सुशिक्षित कुटुंब गाण्याच्या बैठकीस बसले तर तेथे आपले मत देण्यास भीत नाही. ताना जास्त झाल्या, लय घाईची होती, असे घरातील आजीबाईसुद्धा बेधडक सांगतात. तेच कुटुंब चित्रासमोर उभे राहिले की खालच्या आवाजात बोलू लागते. हा संकोच जन्मजात खास नव्हे. आम्ही लेखकांनीच तो त्यांस शिकविला आहे. चित्र समजण्यासाठी आधी दहा परदेशी नावे पाठ असावी लागतात, किंवा निदान चित्रकाराच्या गावाची माहिती असावी लागते, असे आम्ही इतकी वर्षे लिहीत आलो, आणि लोकांनी ते खरे मानले.

नुसते तात्त्विक लिहून हा वाद सुटणार नाही. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. श्री. सुभाष अवचट हे मानवी आकृती रंगविणारे आजचे ख्यातनाम चित्रकार. त्यांचे गाव पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील ओतूर. 'माणसं' ह्या पुस्तकाचे कर्ते कै. अनिल अवचट (१९४४–२०२२) हे त्यांचे वडील बंधू. सुभाष अवचटांच्या चित्रांत दोन आकृती विशेष प्रसिद्ध पावल्या: एक हमालाची व दुसरी विदूषकाची. शिवाय मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांनी फार मोठ्या संख्येने केली. आमच्या विवेचनास हे उदाहरण सोयीचे पडण्याचे कारण असे, की उपरिनिर्दिष्ट दोन्ही पक्षांस येथे भरपूर सामग्री तयार सापडते. विदूषक दिसताच पहिला पक्ष फ्रान्सकडे धाव घेतो. ओतूर हे नाव ऐकताच दुसरा पक्ष शिवनेरीकडे वळतो.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी पाहू. विदूषकाचे चित्र पाहून रुओची आठवण व्हावी ह्यात वावगे काही नाही. जॉर्ज रुओ (१८७१–१९५८) ह्याने तरुणपणी रंगीत काचांच्या खिडक्या बनविणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली होती. काचेच्या तुकड्यांना जोडणारी शिशाची पट्टी त्याच्या चित्रांत जाड काळी रेघ होऊन उतरली, आणि त्या रेघेच्या कुंपणात त्याचे उदास विदूषक जन्मभर बसून राहिले. पिकासोने १९०५ च्या सुमारास डोंबारी व सर्कशीतील माणसे रंगविली, हेही खरे. परंतु एवढे सांगून परीक्षक थांबतो तेव्हा त्याने नेमके काय सांगितले? भारतात १८५७ साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई ह्यांच्या नावाची कलाशाळा निघाली, तेव्हापासून मराठी चित्रकार पाश्चात्त्य पद्धतीनेच शरीर रेखाटण्यास शिकत आला. पुढे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे ह्यांनी आपला प्रागतिक गट स्थापन केला, आणि युरोपातील नव्या चित्रकलेची सर्व कवाडे एकदम उघडली. ह्यानंतर झालेल्या कोणत्याही चित्रकारावर 'पाश्चात्त्य प्रभाव आहे' असे लिहिणे म्हणजे अमुक मराठी लेखक छापील अक्षरे वापरतो असे लिहिण्यासारखे आहे. विधान खोटे नाही, निरुपयोगी आहे.

आणि ह्या पक्षाचे माप तरी सर्वांस सारखे आहे काय? विन्सेंट व्हॅन गॉग ह्याने १८८७ साली हिरोशिगे ह्या जपानी चित्रकाराची दोन ठसाचित्रे, फुललेले आलुबुखारचे झाड व पावसातील पूल, तैलरंगांत चक्क उतरून काढली. पुढे १८८९–९० मध्ये इस्पितळात असताना त्याने मिलेच्या शेतकऱ्यांवरून अनेक चित्रे केली. पिकासोचे १९०७ सालचे सुप्रसिद्ध चित्र प्राचीन इबेरियन शिल्पे व आफ्रिकी मुखवटे ह्यांचे किती ऋणी आहे हे आता कोणी लपवीत नाही. ह्या सर्वांस आमचे परीक्षक 'आत्मसात करणे' म्हणतात. तेच कृत्य ओतूरच्या मुलाने केले की त्यास 'प्रभाव' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या ओठांच्या कडा किंचित खाली येतात. एकाच व्यवहारास गोऱ्या माणसाच्या बाबतीत कमाई आणि काळ्या माणसाच्या बाबतीत उधारी म्हणावयाचे, ही न्यायबुद्धी आम्हांस मान्य नाही.

येथे कोणी असे विचारील की, मग नक्कल म्हणून काही नसतेच काय? असते, आणि आमच्या प्रदर्शनांतून ती हवी तितकी दिसते. परंतु नक्कल ओळखण्याची खूण वंशावळीत सापडत नाही. अमृता शेरगिल पॅरिसमध्ये शिकल्या, १९३४ साली हिंदुस्थानात परतल्या, १९३६ च्या अखेरीस त्यांनी अजिंठा पाहिला आणि १९३७ मध्ये 'ब्रह्मचारी' हे चित्र काढले. ह्या चित्रात गोगँही आहे व अजिंठाही आहे असे म्हटले तर ते खरेच होईल. परंतु त्या पाच बटूंच्या बसण्यात जो एक थबकलेला, किंचित अवघडलेला शांतपणा आहे, तो ह्या दोन्ही ठिकाणी कोणास आयता मिळाला नसता. दोन गोष्टी घेऊन तिसरी निर्माण झाली की ती कमाई. दोन घेऊन दोनच उरल्या की ती नक्कल. हे ठरविण्यास तिसरी गोष्ट पाहावी लागते, आणि तिच्यासाठी चित्रासमोर उभे राहणे प्राप्त होते.

आता दुसरा पक्ष. ह्यांच्याशी वाद घालणे अधिक नाजूक काम आहे, कारण ते अभिमानाच्या आडून बोलतात. त्यांचे म्हणणे असे की, अवचटांच्या चित्रांचे मूळ जुन्नरच्या भूमीत शोधावे. विदूषक पाहावयास फ्रान्सला कशाला जाता? नारायणगाव तेथून जवळच आहे. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून गाजलेले. जत्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यास येतात. त्या फडांतील सोंगाड्या हाच ह्या विदूषकाचा खरा पूर्वज! ओतूरला तुकोबांचे गुरू मानले गेलेले बाबाजी चैतन्य ह्यांची समाधी आहे. कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी घालतात व त्या पाहण्यास यात्रा लोटते. रंगांची व आकारांची अशी लूट लहानपणी पाहिलेल्या मुलास पिकासोची काय गरज?

ऐकावयास हे फार गोड वाटते. परंतु ज्या भूमीची ग्वाही हे लोक देतात, तीच भूमी त्यांच्याविरुद्ध साक्ष देते. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतील लेखांत दाते म्हणून यवनांची नावे कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने आणखी एक दान दिले. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून कोकणच्या बंदरांचा माल वर चढत होता आणि देशावरचा माल खाली उतरत होता. त्या मालाबरोबर माणसे व त्यांच्या पाहण्याच्या रीतीही ये-जा करीत होत्या. म्हणजे जुन्नरची अस्सल परंपरा कोणती म्हणाल, तर ती परक्यास घाटमाथ्यावर जागा करून देण्याची. ही भूमी शुद्ध होती असे म्हणणे हा तिच्या इतिहासाचा अपमान होय. त्यातही गंमत अशी की, मानवी आकृतीचा वारसा म्हणून ज्या लेण्यांकडे बोट दाखवितात, ती बहुतांशी आकृतिविरहित आहेत. मानमोडीच्या डोंगरातील गजलक्ष्मीसारखे थोडे अपवाद सोडले, तर खांब, कमानी, स्तूप आणि मोकळ्या भिंती एवढेच तेथे आहे. एखाद्या चित्रकाराने तेथून रिकाम्या जागेचा धडा घेतला असे कोणी म्हटले, तर ते आम्ही विचारात घेऊ. परंतु आकृती तेथून आली असे म्हणणाऱ्याने लेण्याद्रीच्या पायऱ्या एकदा पुन्हा चढून जाव्यात.

ह्या पक्षाचा अधिक मोठा दोष तर्काचा आहे. ओतूरच्या एकाच घरात दोन भाऊ वाढले. दोघांनी तीच नदी, तोच बाजार व तीच यात्रा पाहिली. एक वैद्यक शिकला व लेखक झाला. दुसरा चित्रकार झाला. जे कारण दोन निरनिराळ्या फळांचे स्पष्टीकरण सारख्याच सहजतेने देते, त्याने कोणत्याच फळाचे स्पष्टीकरण होत नाही. त्या बाजारातून त्याच वर्षांत आणखी शेकडो मुले धावली असतील. ती चित्रकार झाली नाहीत. गाव हे चित्रकाराचे पाथेय असू शकेल. परंतु त्याने वाट कोणती धरली हे शिदोरी पाहून सांगता येत नाही.

स्वदेशीच्या नावाखाली हा पक्ष कधी कधी एक पवित्र नावही पुढे करतो, त्याचा उल्लेख टाळणे बरे नव्हे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईस गिरणीत कामाला होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची मोटार अडविताना ते तिच्याखाली चिरडून हुतात्मा झाले. त्यांच्या तालुक्यात परदेशी रंगरेषांचे कौतुक शोभत नाही, असे म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. बाबू गेनूंनी अडविला तो सत्तेच्या जोरावर लादलेला माल होता. त्याने इकडील कोष्ट्याचा माग बंद पडत होता. रुओची रेघ पाहून कोणा मराठी चित्रकाराचा कुंचला बंद पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. हौतात्म्याचे नाव इतक्या स्वस्त कामी वापरू नये.

असो. दोन्ही पक्षांच्या नजरेतून एक प्रभाव सर्वस्वी निसटला आहे, आणि तो तर आमच्या वाचकांच्या घरातच आहे. आम्ही मुखपृष्ठांविषयी बोलत आहोत. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाने चित्र पाहिले ते कलादालनात नव्हे. पुस्तकाच्या कपाटात आणि दिवाळी अंकावर. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) ह्यांनी कित्येक पिढ्यांचा डोळा ह्याच मार्गाने घडविला. सुभाष अवचटांची आकृतीही मराठी घरांत प्रथम शिरली ती पुस्तकावर बसून. आता मुखपृष्ठाची शिस्त काय असते ते पाहा. जागा वीतभर, त्यातील काही भाग पुस्तकाच्या व लेखकाच्या नावासाठी सोडावयाचा, दुकानातील मांडणीवर, चार हात अंतरावरून, शंभर पुस्तकांच्या गर्दीत ते ओळखू आले पाहिजे, छपाईत बारीक छटा बुडण्याची धास्ती कायमची. असे काम वर्षानुवर्षे करणाऱ्याचा हात कसा वळेल? एकच आकृती घ्यावयाची, ती मोठी करावयाची, तिच्याभोवतीचा पसारा काढून टाकावयाचा, थोडे व ठळक रंग सपाट लावावयाचे, आणि चेहऱ्याच्या बारकाव्यापेक्षा शरीराच्या एकंदर घाटावर विश्वास ठेवावयाचा. अवचटांचे मोठे चित्रफलक ज्यांनी पाहिले असतील त्यांस ही लक्षणे ओळखीची वाटतील. आमच्या मते ह्या आकृतीचे अर्धेअधिक व्याकरण पॅरिसमध्येही घडले नाही व ओतूरमध्येही घडले नाही. ते मराठी प्रकाशनव्यवसायात घडले.

परंतु हे लिहावयाचे कोणी? मुखपृष्ठ हे पोटासाठी केलेले काम, आणि प्रभाव हा शब्द आम्ही उच्चकुलीनांसाठी राखून ठेवलेला! हुसेनांनी चित्रपटांचे फलक रंगविले ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एक चटकदार हकीकत म्हणून येते. त्यांच्या चित्रांतील लांबरुंद, वेगवान रेषेचे कारण म्हणून क्वचितच येते. पोटाच्या धंद्याने हाताला वळण लागते, हे सुतार, शिंपी व सोनार ह्यांच्या बाबतीत आम्ही निमूटपणे मान्य करतो. चित्रकाराच्या बाबतीत मात्र त्याचे हात केवळ महापुरुषांच्या स्पर्शाने घडावेत असा आमचा हट्ट असतो. वाचकहो, तुमच्या कपाटातील पुस्तकांनी एका चित्रकाराची शैली घडविण्यास हातभार लावला आहे. ही गोष्ट तुम्हांस कोणी सांगितली नाही, कारण ती सांगितल्याने सांगणाऱ्याची विद्वत्ता दिसत नाही.

मुखपृष्ठाच्या ह्या शाळेने जसे बळ दिले तसा एक धोकाही दिला, आणि आमचा खरा मुद्दा येथून सुरू होतो. मुखपृष्ठावरील आकृती ही खूण असते. तिने आतील मजकुराकडे बोट दाखविले की तिचे काम झाले. चित्रातील आकृतीस असे मोकळे होता येत नाही. तिच्या आत दुसरे पुस्तक नसते. म्हणून हमालाचे चित्र हे हमालाची खूण होऊन राहते, की तेथे एक माणूस उभा राहतो, हा प्रश्न अवचटांच्या चित्रांस विचारला पाहिजे. तो विचारण्याचा आदर त्यांस वंशावळ सांगणाऱ्यांनी कधी दाखविला नाही.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. हमाल चित्रात येण्याची परंपरा जुनी आहे आणि ती सर्वस्वी निर्दोष नाही. कंपनी सरकारच्या काळी साहेब लोकांसाठी येथील चित्रकार धंदेवार माणसांचे संच काढीत: भिस्ती, धोबी, पालखीचे भोई, भारवाहक. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या धंद्याचा पोशाख असे, हातात त्याचे साधन असे, आणि नाव मात्र कोणासच नसे. पुढे एडवर्ड्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' ह्या १९१२ सालच्या पुस्तकासाठी रावबहादुर धुरंधरांनी मुंबईच्या गल्ल्यांतील माणसे रेखाटली. धुरंधरांचा हात केवढा समर्थ! तरीही त्या पुस्तकाची गरज नमुन्यांची होती. पागोटे पाहून जात व धंदा ओळखावा, एवढ्यासाठी तो खटाटोप होता. तेव्हा आजचा चित्रकार हमालाचा तांबडा रंग व मुंडासे उचलतो, तेव्हा त्याने एक जोखीमही उचललेली असते. रंग व मुंडासे एवढ्यानेच काम भागले, तर तो त्या जुन्या नमुन्यांच्या संचात आणखी एक पान घालतो. फरक इतकाच की ते पान आता साहेबाच्या संग्रहाऐवजी आमच्या दिवाणखान्यात लागते.

आणि हा हमाल आमच्यापासून दूरचा कोणी नव्हे. जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला पाऊस उदंड आणि जमीन कातळाची. तेथील कितीतरी पिढ्या पोटासाठी घाट उतरून मुंबईस गेल्या. कोणी गिरणीत लागला, कोणी जेवणाचे डबे डोक्यावर घेतले, कोणी गोदीत वा धान्याच्या बाजारात पाठीवर पोते घेतले. जे मागे राहिले त्यांतील कित्येक मंचरच्या, नारायणगावच्या, ओतूरच्या बाजारांत तेच करीत आले. क्विंटलभराचे पोते मानेवर घेऊन फळीवरून चालणारा माणूस हा आमच्या समृद्धीचा खांब होता, आणि त्यास मजुरीची हमी, भविष्यनिर्वाह निधी व औषधपाणी देणारा माथाडी कामगारांचा कायदा होण्यास १९६९ साल उजाडले. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीच्या द्वारे ह्याच माणसास संघटित केले. ही हकीकत जाणणाऱ्या समाजात हमालाचे चित्र हे निव्वळ रंगांची मांडणी म्हणून पाहता येत नाही. पाहणारे पाहोत, आमच्याच्याने होत नाही.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. चित्राचे मूल्य रंग व आकार ह्यांत असते. त्यास सामाजिक कैफियत चिकटविणे ही अरसिकता होय, असे कित्येक विद्वान म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे की, आम्ही चित्रास कैफियत मागत नाही. वजन मागतो, आणि वजन ही तर रंग व आकार ह्यांचीच गोष्ट आहे. दिएगो रिव्हेरा ह्या मेक्सिकन चित्रकाराचे १९३५ सालचे फुलांच्या भारवाहकाचे चित्र पाहा. पाठीवर भली मोठी करंडी, तीत फुले, आणि तो माणूस चार पायांवर ओणवा. फुलांचे ओझे ते काय, असे वाटण्यापूर्वीच त्याच्या जमिनीस टेकलेल्या पंजांतून ते ओझे आपणांस जाणवते. तेथे घोषणा नाही, फलक नाही. सर्व काही बोटे, मान व पट्टा ह्यांच्या रेखनात आहे. हमालाच्या आकृतीची परीक्षा अशी पायापासून सुरू करावी. पाय जमिनीस दाबतात की नुसते टेकतात? मानेतला ताण मुंडाशाखाली दिसतो की मुंडासे हे केवळ एक सुंदर लाल वर्तुळ आहे? ओझे उतरल्यावरही खांदे त्याच आकारात राहिले आहेत काय?

ह्या कसोटीस लावता अवचटांच्या हमालांविषयी आमचे मत असे. त्यांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती त्या आकृतीची अदीनता. तो हमाल दयेसाठी हात पसरीत नाही. तो चौकटीत ऐसपैस जागा घेतो, आणि ज्याला दिवाणखान्यात कोणी बसा म्हटले नसते तो तेथील भिंत व्यापून राहतो. हे सामान्य काम नव्हे, आणि मुखपृष्ठाच्या शाळेत शिकलेला मोठेपणा येथे सत्कारणी लागला आहे. जेथे चेहऱ्याचा तपशील गाळूनही शरीराचा थकवा शाबूत राहतो, तेथे ती आकृती रुओची नसते व तमाशातल्या कोणाचीही नसते. ती अवचटांची असते. उलट जेथे लाल रंगाची शोभा ओझ्यावर मात करते, तेथे पुस्तक नसलेले मुखपृष्ठ पाहिल्यासारखे वाटते. एकाच आकृतीवर पुनःपुन्हा परतणाऱ्या कोणत्याही चित्रकाराच्या मार्गात हा खड्डा असतो, आणि तो दाखविणे हे टीकाकाराचे काम आहे. आमचे हे मत कोणी खोडून काढावे. परंतु ते चित्राकडे बोट दाखवून काढावे.

शब्दांचेच पाहा ना. 'हमाल' हा शब्द अरबी. तो येथे केव्हा व कोणाबरोबर आला हे भाषाशास्त्रज्ञ सांगतील, आणि ते जाणणे उद्बोधकही आहे. परंतु मंचरच्या बाजारात त्या शब्दाने हाक मारली असता जो माणूस वळून पाहतो तो अरब नसतो. शब्दाचे मूळ सांगितल्याने त्याच्या पाठीवरील पोते हलके होत नाही. चित्राच्या बाबतीत एवढी साधी गोष्ट आमच्या परीक्षकांच्या ध्यानात येऊ नये, ह्याचे आश्चर्य वाटते.

ज्या दोन तालुक्यांचे नाव ह्या लेखात वारंवार आले, त्यांतच आमच्या टीकापद्धतीचा शेवट कसा होतो ह्याची दोन चित्रे पाहावयास मिळतात. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या आकृती एके काळी कोरलेल्या होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी त्यांची नावे भिंतीवर अद्याप वाचता येतात. आकृती मात्र गेल्या. उरल्या असतील तर खाली पावलांच्या खुणा. तिकडे आंबेगाव तालुक्यास ज्या गावाचे नाव पडले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावी चालते आणि नाव दप्तरात चालते. काळाने व धरणाने जे केले त्यास इलाज नव्हता. परंतु धडधाकट आकृती भिंतीवर समोर असताना तिच्याकडे पाठ करून वरची नावे वाचीत बसणे, हे आम्ही आपण होऊन करीत आहो.

ह्यावर आमची सूचना फार लहान आहे, आणि ती सर्व मासिकांच्या व वृत्तपत्रांच्या संपादकांस उद्देशून आहे. ज्याच्या प्रदर्शनाचे परीक्षण आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाही चित्रकाराचे नाव पहिल्या दोन परिच्छेदांत छापू नये. चित्रकाराच्या गावाचे नावही छापू नये. त्या दोन परिच्छेदांत किमान एका चित्राचे असे वर्णन असावे की, ते वाचून घरातील दहा वर्षांच्या मुलास ते चित्र दालनात जाऊन ओळखता यावे. तिसऱ्या परिच्छेदापासून पिकासो, रुओ, शिवनेरी, सोंगाड्या, ज्यास जे हवे ते खुशाल येऊ द्या. आणि वाचकांस आमची विनंती अशी की, ज्या परीक्षणात हे वर्णन नसेल ते त्यांनी अर्ध्यावर सोडून द्यावे, आणि तो वेळ वाचवून मुलांसह प्रदर्शनास जावे. तेथे आजीबाईंस प्रथम विचारावे, ह्या हमालाच्या पाठीवर ओझे दिसते काय. गाण्यातील घाईची लय ज्यांस कळते, त्यांस हेही कळेल.